नणंदेचा प्रोसेसर आणि माझं कार्ड

गाडी वळणावर आली की माझा कॉम्प्युटर विचारात पडायचा. सरळ रस्त्यावर तो ठीक होता. पण वळण आलं, त्यात पुढं दोन-चार गाड्या एकत्र आल्या, वरून गेममधला पाऊस सुरू झाला, की पडदा थबकायचा, एक झटका द्यायचा आणि माझी निळी गाडी कठड्याला जाऊन चिकटायची. मग हेडफोनमधून सास्तूरहून माझ्या नणंदेचा आवाज यायचा, "वहिनी, चहाला उतरलात का?"

रविवारी दुपारी भांडी घासून झाली की आम्ही दोघी शर्यत लावायचो. मी परंड्यात, ती लोहारा तालुक्यात, मध्ये जवळजवळ अख्खा जिल्हा. मी इथल्या कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, पन्नाशी जवळ आली आहे, चष्म्याचा नंबर वाढतो आहे आणि मला ताशी दोनशेच्या वर गाडी हाकायला आवडतं. यात लपवण्यासारखं काही नाही. ऑफिसात मात्र मी हे सांगितलेलं नाही.

कॉम्प्युटर मूळचा मुलीचा. तिनं दहावीनंतर हट्ट करून घेतला, त्यावर अभ्यास कमी आणि शर्यती जास्त केल्या, आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जाताना नवा लॅपटॉप घेऊन हा इथंच टाकून गेली. जायच्या आधी ती तिच्या आत्याबरोबर खेळायची. नणंदेच्या नवऱ्याचं सास्तूरला झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद, मशीन रिकामं, आत्याबाई मोकळ्या. एका रविवारी मुलगी मध्येच उठली, "आई, जरा धर, आले मी" म्हणून माझ्या डोक्यावर हेडफोन चढवून गेली. मी बाणांची बटणं दाबत राहिले. तिकडून नणंद भाचीला बोलल्यासारखं बोलत होती, "अगं, रस्ता सोडून कुठं चाललीस, शेतात?" मी गप्प. कारण आमचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद व्हायचं कारण साडी. धाकट्या दिराच्या लग्नात करवलीची मानाची साडी मी आणली होती. नणंदेनं ती चारचौघींत उलटीपालटी करून सांगितलं की घडी मोडलेली आहे, म्हणजे कुणीतरी नेसलेली आहे. घडी मोडलेली होतीच. मी मोडली होती. दुकानातून आणलेली साडी पूर्ण उघडून, उजेडात धरून, कुठं सूत सुटलंय का हे बघितल्याशिवाय मी कुणाला देत नाही, आणि यापुढंही देणार नाही. पण हे समजावून सांगायला लग्नघर ही जागा नव्हे, आणि तिला ऐकूनही घ्यायचं नव्हतं. ती साडी पाटावर ठेवून जी गेली ती पुन्हा माहेरी आली नाही. सासूबाई तोवर गेल्या होत्या, त्यामुळं समजूत घालणारंही कुणी नव्हतं. भाऊबीजेला आमचे हे सास्तूरला जायचे आणि ओवाळून घेऊन यायचे. सणावारी तिचा फोन यायचा. तो मी उचलला तर आमचं बोलणं एवढंच: "बरं आहे का?" "बरं आहे. तुमचं?" "बरं आहे. दादाला द्या."

तर त्या रविवारी मी पुन्हा एकदा कठड्याला धडकले आणि तोंडून "अगं बाई" निघून गेलं. पलीकडं एकदम शांत झालं.

"कोण, वहिनी?"

"हो."

ती म्हणाली, "ब्रेक दाबा. पुढं डावं वळण हाय."

तिथून आमचं सुरू झालं. मुलगी गेली, आम्ही खेळत राहिलो. हात आणि डोळे कामात गुंतले की तोंड मोकळं सुटतं हे मला माहीत होतं, पण ते बायका शेंगा फोडताना माहीत होतं, ताशी दोनशेनं जाताना नव्हतं. तिचे गुडघे, माझ्या ऑफिसातले नवे प्राचार्य, तिच्या शेतातल्या तुरीवरची अळी, तिच्या जावेचा स्वभाव, हे सगळं आम्ही शर्यतीत बोललो. साडीचा विषय दोघींनीही काढला नाही. ती नेहमी जिंकायची आणि जिंकल्यावर गप्प बसायची नाही. "आमच्या सास्तूरला भूकंपानंतर सगळे रस्ते पट्टीनं आखल्यागत सरळ," ती म्हणायची, "तरी वळणं मलाच जमत्यात. तुम्ही परंड्याच्या बोळांत राहून काय शिकलात?"

मी सांगायची की माझा कॉम्प्युटर झटके देतो. ती म्हणायची, "व्हय, व्हय."

झटके घालवायला मी आधीच एक खर्च करून बसले होते. बार्शीहून मोठं ग्राफिक्स कार्ड आणलं, दोन पंख्यांचं, विटेएवढं. चित्र असं झालं की झाडाचं पान न् पान दिसावं, रस्त्याकडेच्या तळ्यात ढग दिसावेत. झटके तसेच. फक्त आता ते जास्त स्वच्छ दिसायला लागले. कारण मग कळलं. चित्र रंगवायचं काम कार्डाचं. पण कोणती गाडी कुठं आहे, कुणी कुणाला धडकलं, पाणी कुठं साचलं, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. जुन्या प्रोसेसरचा हिशेब पुरा होईपर्यंत नवं कार्ड हातावर हात ठेवून बसायचं. आमच्या ह्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण माणूस मूळचा शेतकरी. त्यांनी माझ्या मागं उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "एका अंगाला खिलार अन् दुसऱ्या अंगाला म्हातारा बैल जुंपलाय. औत गोलच फिरणार."

हे एवढ्यावर चाललंही असतं. मी हरत होते, पण खेळत होते. मग गेम उघडताना एक सूचना यायला लागली: पुढच्या मोठ्या बदलानंतर जुन्या पिढीच्या प्रोसेसरवर हा गेम सुरू होणार नाही. खाली प्रोसेसरांची नावं होती. माझा त्यांत होता. सास्तूरच्या दुकानातलं मशीन अलीकडचं, त्याला काही धक्का नव्हता.

मी बार्शीच्या दुकानदाराला जाऊन भेटले. प्रश्न लिहून नेले होते. त्यानं पहिल्याच प्रश्नाला बाकीच्यांची उत्तरं देऊन टाकली.

"मॅडम, तुमच्या मदरबोर्डावर याच्या पुढचा प्रोसेसर बसतच नाही. बोर्ड बदलावा लागंल."

"मग बोर्ड बदलू."

"बोर्ड बदलला की रॅम बदलावी लागंल. जुनी बसत नाही."

"मग माझं राहतं काय?"

त्यानं जरा विचार केला. "डबा," तो म्हणाला. "अन् कार्ड."

संध्याकाळी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे हॉर्न ठेवायचा आणि ट्रॅक्टर नवा घ्यायचा."

मी रीतसर विचार केला. जुन्याच बोर्डावर बसेल तो वापरलेला प्रोसेसर आणला, तर झटके कमी होतील पण सूचनेतून सुटका नाही. सगळं नवं केलं तर ते नवीन मशीनच झालं. मुलीचा लॅपटॉप सुट्टीत वापरावा, तर मुलगी सुट्टीत लॅपटॉप सोडत नाही. उरला चौथा पर्याय, बंद करणे. आठवड्यातली एक दुपार, तीही हरायची, आणि तेवढ्यासाठी अख्खं मशीन. ऑफिसात कुणी असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आणला असता तर "आवश्यकता सिद्ध होत नाही" असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता. मी माझा प्रस्ताव परत पाठवला.

शेवटच्या रविवारी शर्यत संपल्यावर नणंदेला सांगितलं, "ताई, पुढच्या वेळेपासून माझं बंद. मशीन जुनं झालं."

"बरं," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "मग फोन करू की."

"हो, फोन करू."

पुढच्या रविवारी ठरल्या वेळेला तिचा फोन आला. मी खुर्चीत बसून उचलला. हातांना काही काम नव्हतं.

"बरं आहे का?"

"बरं आहे. तुमचं?"

"बरं आहे. पाऊस?"

"भुरभुर. तुमच्याकडं?"

"भुरभुरच."

नंतर दोघी गप्प. तिच्याकडून कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज आला, तो गेला, तरी आम्ही गप्प. समोर वळण नव्हतं, पुढं गाडी नव्हती, चिडवायला काही नव्हतं. मला ऑफिसातलं सांगायचं होतं, पण असं नुसतं फोन कानाला लावून कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी ती म्हणाली, "दादाला द्या," आणि मी फोन ह्यांच्या हातात दिला. तेव्हा मला कळलं की शेरा मारताना मी चुकीची फाइल बघत होते. गेम गेला तर गेला, पण ही बाई पुन्हा जाणार होती. आणि आम्हा दोघींचा स्वभाव बघता, एकदा गेली की गेली.

पण हे तिला सांगणार कोण? मी तर नाही.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. आवाजात सौदा करायला निघालेल्या माणसाचा सूर.

"वहिनी, ते तुमचं मोठं कार्ड काय करतंय आता?"

"काय करणार? पडून आहे."

"मग द्या मला. आमच्या दुकानातल्या मशीनला कार्डच न्हाय. मला समदं चिखलागत दिसतंय. गाडी चिखलाची, झाडं चिखलाची. नुसतं रस्त्याच्या अंदाजानं चालवतीय म्या."

मी कार्ड अजून सोडलंही नव्हतं, तोवर तिनं मागितलं. माहेरचा हक्क लगेच जागा झाला. मला राग यायला हवा होता आणि तो आला, पण त्याबरोबर जीभही आली. मी म्हटलं, "वापरलेलं आहे हं. तुम्हाला घडी मोडलेलं चालत नाही."

हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले होते. मला वाटलं, संपलं.

"कार्ड चालंल," ती म्हणाली. "कार्ड काय अंगाला लावायचं न्हाय." आणि एकदम फस्सकन हसली. मीही हसले. बाहेर ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

मग अडचणी निघाल्या. कार्डाला वीज जास्त लागते. तिच्या मशीनमधला पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटणारी पेटी, लहान होता. माझा काढून तिकडं बसवावा लागणार होता. एकटं कार्ड पाठवून भागणार नव्हतं. "तुम्हीच घेऊन या की समदं," ती म्हणाली. मी म्हटलं, सुटे भाग एसटीतून न्यायची जोखीम मी घेणार नाही. हे खरं होतं. पाटावर साडी ठेवून ती गेली होती, मी नव्हे, हेही खरं होतं.

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आगं, सावड करा की दोघी," ते बहिणीला म्हणाले. "तुज्याकडं एक बैल हाय, हिच्याकडं एक हाय. आपला बाप काय करायचा? शेजाऱ्याचा अन् आपला मिळून एक औत. पंचमीला ये मशीन घेऊन."

"मशीन घेऊन माहेराला येऊ?" ती फोनमधून एवढ्या मोठ्यानं बोलली की मला ऐकू आलं. "लोक म्हणतील, नवऱ्यानं सामानासकट हाकलली."

"झाकून आण."

आली. नागपंचमीच्या पहाटे निघाली, लोहाऱ्याहून धाराशिव, धाराशिवहून बार्शी, बार्शीहून परंडा, मांडीवर मशीनचं कॅबिनेट आणि त्यावर लाल शाल गुंडाळलेली. दारात उतरली तेव्हा शालीवर दोन झेंडूची फुलं होती.

"हे काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी नणंद दारात आली आणि मी पहिलं हे विचारलं.

"कंडक्टर लगेजचं तिकीट मागाय लागला. म्हटलं, गौरीचे मुखवटे हाईत. त्यानं टोपी काढून नमस्कार केला. मग शेजारच्या म्हातारीनं फुलं वाहिली. एक बाई म्हणाली, दर्शन द्या." तिनं कॅबिनेट माझ्या हातात दिलं. "म्हटलं, देवी झोपलीय."

मी तिच्यावर कालच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, कॅबिनेट आत नेऊन टेबलावर ठेवलं आणि लगेच कामाला लागायचं ठरवलं. बेत असा होता: दुपारपर्यंत बसवायचं, एक शर्यत बघायची, चारच्या गाडीला तिला लावून द्यायचं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात झेरॉक्सला गर्दी असते. पुरणाची दिंडं उकडून तयार होती, लाह्या होत्या. मी माझं कॅबिनेट उघडलं, स्क्रू काढून वाटीत ठेवले, कार्ड काढलं. पॉवर सप्लायपाशी आले आणि थांबले. बार्शीच्या दुकानदारानं आतल्या सगळ्या तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कॅबिनेटला आवळून टाकल्या होत्या. पट्ट्या कापल्याशिवाय तारा सुटणार नव्हत्या. मी कात्री घेतली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "आज पंचमी हाय."

आमच्याकडं पंचमीला चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चढवत नाहीत, जमीन खणत नाहीत. नागाला इजा होते म्हणून. मी आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवली होती, दिंडं उकडलेली होती, तवा मांडणीवर पालथा होता. सगळं आठवणीनं केलं होतं. पट्ट्यांचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"प्लास्टिकची पट्टी आहे," मी म्हटलं. "नागाला काय कळतंय?"

"नागाला न्हाय कळायचं. मला कळलंय ना."

"स्क्रू काढले ते चाललं?"

"स्क्रू फिरवत्यात. ते कापण्यात येत न्हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हा माणूस एरवी कुठल्याच उपासाला जुमानत नाही. ते म्हणाले, "राहू दे. उगं कशाला."

मी दातांनी ओढून बघितलं, नखानं खटका उचलून बघितला. पट्ट्या अशा बसल्या होत्या की सुटेनात. आम्ही तिघंही शिकलेले, तिघांपैकी कुणाचाही नागावर म्हणावा तसा विश्वास नाही, आणि तिघांपैकी कुणीही ती कात्री उचलली नाही. कात्री टेबलावर पडून राहिली आणि चारची गाडी गेली.

सहाच्या सुमारास तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्यांनी विचारलं, "मशीन कधी येणार?"

"उद्या."

"बरं. अन् तू?"

"मशीनबरोबरच येती. ते एकलं कसं यायचं?"

फोन ठेवून ती मला म्हणाली, "बघितलंत ना, आधी कुणाची आठवण झाली ती." मग आम्ही मागच्या अंगणात बसलो, ती शेवग्याच्या शेंगा सोलायला मागू लागली, मी सांगितलं की आज तेही चालणार नाही, तूच सांगितलंस. हो, मी तूच म्हणाले. माझ्या लक्षात नंतर आलं, तिच्या लगेच आलं असावं. लाह्या खात बसलो. हातांना काम म्हणून तेवढं पुरलं. साडीबद्दल मी तिला एकदाच सांगितलं, सूत तपासायला उघडली होती म्हणून. ती म्हणाली, "तेव्हा सांगायचं ना."

"ऐकून घेतलं असतंत का?"

"न्हाय," ती म्हणाली, आणि लाह्यांचं ताट माझ्याकडं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी पट्ट्या कापल्या. पॉवर सप्लाय तिच्या कॅबिनेटमध्ये घातला, कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं. पडद्यावर पुन्हा तोच चिखल. मी सगळे स्क्रू तपासले. तिनं मला दोष दिला, मी कार्डाला दिला, ह्यांनी विजेच्या बोर्डाला दिला. आम्ही पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा चिखल. मग नणंद मशीनच्या मागं वाकली आणि म्हणाली, "ही पडद्याची तार वरच्याच भोकात हाय की." पडद्याची तार कार्डाला लावायची असते, आम्ही ती सवयीनं जुन्याच जागी लावली होती. ती काढून खाली कार्डाला लावली.

आणि तिच्या प्रोसेसरवर माझं कार्ड चालायला लागलं. मी कधी गाडी अशी धावताना बघितली नव्हती. झटका नाही, थांबा नाही, पाऊस पडतोय तर पडतोय. आधी तिला बसवलं. पाहुणी ती. ती नेहमीप्रमाणं वेगात निघाली, आणि ज्या वळणावर ती दर रविवारी मला मागं टाकायची, तिथं तिनं ब्रेक लावून गाडी उभी केली.

"हे काय हाय?"

"तळं."

"हितं तळं हाय?"

"पहिल्यापासून आहे. रस्त्याला लागून."

"मला वाटायचं, भिंत हाय," ती म्हणाली. "करडी भिंत. म्हटलं, भिंतीला घासून गेलं की वेळ वाचतोय." थोडा वेळ ती त्या तळ्यातले ढग बघत बसली. "बुडाले असते की म्या."

त्यानंतर तिचा वेळ बिघडला. त्या वळणाला ती हळू व्हायला लागली. मला वाटलं, आता माझी पाळी. झटके नाहीत, ती घाबरलेली, इतके दिवस मी जे म्हणत होते ते आता सिद्ध होणार. मी खुर्चीत बसले, चष्मा पुसला, गाडी काढली. काहीही अडलं नाही. रस्ता लोण्यासारखा. आणि मला तिच्या घाबरलेल्या वेळेपेक्षाही जास्त वेळ लागला. पुन्हा खेळले. पुन्हा तेच. प्रोसेसरचा यात काही दोष नव्हता, हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

"व्हय, व्हय," नणंद मागून म्हणाली. "झटके देतोय."

दुपारच्या गाडीनं ती निघाली. तिची ओटी भरली, खण-नारळ दिला, साडी दिली. साडी तिनं तिथंच पूर्ण उघडली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, काठ बोटांनी चाचपले आणि पुन्हा घडी घातली. मग ती टेबलापाशी गेली, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि तिच्या कॅबिनेटमधून माझं कार्ड काढायला लागली.

"ताई, ते तुम्हाला दिलंय मी."

"दुकानात धूळ लई असती," ती स्क्रू फिरवत म्हणाली. "वर आमचे हे दुकानातल्या पोरांना गेम खेळाय देतील. तुमच्याकडंच राहू द्या. म्या मशीन घेऊन येत जाईन, सावड हाय ना?" तिनं कार्ड माझ्या कपाटावर ठेवलं, पॉवर सप्लायही काढून ठेवला, आपला जुना बसवला, कॅबिनेटवर शाल गुंडाळली. ह्यांनी तिला स्टँडवर सोडलं. परत आल्यावर म्हणाले की गाडीत तिच्या शेजारी बसायला बायकांत चढाओढ होती.

ती गेल्यावर त्याच आठवड्यात ह्यांनी मला न विचारता एक काम केलं. बहीण घरी आली याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी बार्शीला फोन करून माझ्यासाठी नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम, सगळं सांगून टाकलं. "आता दर रविवारी खेळा बिनझटक्याचं," ते म्हणाले. "तू हितं, ती तिथं."

"ती तिथं" हे ऐकल्यावर मी लगेच बार्शीला फोन लावला आणि सांगितलं की ते सगळं रद्द करा.

"का मॅडम? साहेबांनी तर कालच सांगितलं. गेम एकदम भारी चालंल."

"म्हणूनच नको."

त्याला समजलं नाही आणि मी समजावत बसले नाही. मी त्याला विचारलं की कॅबिनेट एसटीतून नेता येईल अशी, खांद्याला अडकवायची, आतून स्पंज लावलेली पिशवी मिळते का. तो म्हणाला, असली पिशवी कुणी बनवत नाही, कॅबिनेट घेऊन एसटीनं फिरतंय कोण? मी म्हटलं, मापं लिहून घ्या. त्यानं शेजारच्या बॅगवाल्याला फोन दिला. मी लांबी, रुंदी, उंची सांगितली, बुडाला जाड पुठ्ठा सांगितला, पाऊस आत जाणार नाही असं कापड सांगितलं, आणि दिवाळीच्या आधी हवी म्हणून सांगितलं. तिला भाऊबीजेला यायचं आहे.